उलटी टांगलेली कमान

“आरशात बघ. फोटो फिरवू नकोस.”

दादाचं हे वाक्य आत्ताच का आठवावं, ते बाईंना कळेना. कार्यालयात नवीन माणूस आला की दादा त्याला पहिल्या दिवशी हेच ऐकवायचा. ऐकून ऐकून लोकांनी त्याची चेष्टा केली, मग तीही सोडून दिली. आता त्याच्या कार्यालयाचा जिना चढताना ते वाक्य बाईंच्या मागेच लागलं होतं.

दादाच्या मुलाचा, त्यांच्या भाच्याचा, फोन आला तेव्हा त्या हातातलं काम तसंच टाकून निघाल्या होत्या. “आत्या, लगेच ये. बाबा पडलेत.” एवढंच सांगून त्याने फोन ठेवला होता.

अर्ध्या जिन्यावर स्ट्रेचर समोरून आलं. दादाचे डोळे मिटलेले होते, कपाळावर पट्टी होती. बाईंनी त्याचा हात धरला. हात गरम होता. मनातल्या मनात त्यांनी हात जोडले आणि वाट सोडून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मागून भाचा उतरत होता. तो रुग्णवाहिकेत चढला. तिथे आणखी एका माणसाला जागा नव्हती.

मग बाई वर गेल्या. नुसतं बसून राहणं त्यांना जमणारं नव्हतं.

वरच्या मजल्यावरची मोठी खोली दादाची. दादा वास्तुकार, कमानी बांधणारा. इतरांच्या खोलीत टेबलं आणि पडदे असतात, दादाच्या खोलीत छताला एक लांब फळी होती, फळीला हुक होते आणि हुकांना एक साखळी लोंबत असायची. आज ती जमिनीवर पसरली होती. तिला बांधलेल्या छऱ्यांच्या इवल्या पिशव्या इकडेतिकडे लोळत होत्या. शिडी आडवी पडली होती.

खोलीच्या मधोमध फौजदार उभे होते. बाईंना पाहून त्यांनी नकळत टोपी सारखी केली.

“बाई, तुम्ही?”

“दादा माझा भाऊ.” बाईंनी चष्मा पुसला. “तू भूमितीच्या तासाला शेवटच्या बाकावर बसायचास.”

“हो. तुम्ही मला सात मार्क दिले होते.”

“सहा. सातवा दयेचा होता.”

फौजदार ओशाळून हसले. कामाच्या जागी माणूस पडला की पोलिसांना कळवावं लागतं, म्हणून ते आले होते. त्यांच्या लेखी गोष्ट सरळ होती. म्हातारा माणूस शिडीवर चढला, तोल गेला, साखळी धरली आणि साखळीसकट खाली आला. मुलगा बाहेरून आला तेव्हा त्याला ते असे दिसले.

बाई वर बघत होत्या. “हुक बघ.”

“काय झालं त्यांना?”

“काहीच झालं नाही, तेच म्हणते. अख्खा माणूस साखळीला लोंबकळला, तर हुक वाकेल, नाहीतर फळीतून उपटून येईल. हे दोन्ही सरळ आहेत.”

“साखळी निसटली असेल.”

“एकाच वेळी दोन्ही टोकांनी?”

फौजदारांनी शिडी उभी केली, चढून पाहिलं आणि मान हलवत उतरले.

बाईंची नजर भिंतीकडे गेली. तिथे माणसाच्या उंचीचा आरसा जाड लाकडी चौकटीत भिंतीला टेकवून ठेवला होता.

“हा इथे कसा?”

“मग कुठे हवा होता?”

“खाली, जमिनीवर. साखळीच्या बरोबर खाली. दादा आरशाशिवाय साखळीला हात लावत नाही.”

“कमानीचं काम, आणि साखळी कशाला?”

बाईंचा आवाज आपोआप वर्गातला झाला. “साखळी लोंबते तेव्हा तिच्यात नुसता ताण असतो. ती आपला आकार आपणच शोधते, तिला शिकवावं लागत नाही. तोच आकार जसाच्या तसा उलटा केला की ताणाच्या जागी नुसता दाब येतो. विटेला दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून आधी साखळी टांगायची, छताचं जिथे जितकं वजन असेल तिथे तितक्या पिशव्या बांधायच्या, आणि जो आकार येईल तो उलटा करून बांधायचा. उलटा दिसावा म्हणून खाली आरसा ठेवायचा. आरशात खरी कमान दिसते.”

“बरं झालं आज आरसा खाली नव्हता. फुटला असता.”

“हो,” बाई सावकाश म्हणाल्या. “फुटला असता.”

“एकट्याला उचलवला नसेल, म्हणून लावला नसेल त्यांनी.”

हे खरं होतं. दादाचे गुडघे गेले होते. त्याला तो आरसा जागचा हलवता आला नसता. बाईंनी मान डोलावली, पण मनातली तगमग काही शमली नाही.

*

दवाखान्यातला व्हरांडा पांढरा आणि लांबलचक होता. दादा आत होता, शुद्धीवर आलेला नव्हता. भाचा बाकावर बसत होता, उठत होता, परत बसत होता.

“तू कुठे होतास?” फौजदारांनी विचारलं.

“नकाशे द्यायला गावाबाहेर गेलो होतो. परत येताना बाबांचा हा निरोप आला. वाटेत पाहिला, वर गेलो, तर...” त्याने फोन पुढे केला.

पडद्यावर एक फोटो होता. दादाच्या सवयीप्रमाणे मागे पांढरी चादर लावलेली आणि समोर साखळी, त्यामुळे खोलीतलं दुसरं काहीच दिसत नव्हतं. साखळीच्या एका टोकाला लाल दोरा बांधला होता आणि त्याचं मोकळं टोक लांब सोडलं होतं. खाली मजकूर होता: “लाल दोरा आहे त्या बाजूचा धिरा कच्चा आहे. सेंट्रिंग काढू नका. उद्या सांगतो.”

“धिरा म्हणजे?” फौजदारांनी विचारलं.

“कमान दोन्ही बाजूंना रेटा देते,” भाचा म्हणाला. “तो रेटा अंगावर घेणारी जाड भिंत म्हणजे धिरा. आमच्या वाचनालयाच्या सभागृहाला असे दोन आहेत. एक नदीच्या बाजूला, एक रस्त्याच्या. बाकी सभागृह दोन्हीकडून अगदी सारखं. कमान विटांची आहे, आज सेंट्रिंगच्या, म्हणजे आधाराच्या लाकडांवर उभी आहे. उद्या सकाळी लाकडं काढायची. मग ती आपल्या पायावर.”

“हा निरोप कोणाकोणाला गेला?”

“मला, कंत्राटदारांना आणि बाबांच्या भागीदारांना.”

“लाल दोरा कुठल्या बाजूचा?”

“रस्त्याच्या. लगेच कळतं.”

बाईंनी फोन हातात घेतला. साखळी खोलीत अशी टांगलेली असायची की दारातून बघणारा माणूस जणू सभागृहाच्या दारात उभा आहे. डावीकडे नदी, उजवीकडे रस्ता. फोटोही दादा नेहमी दारातूनच काढायचा. फोटोत दोरा डावीकडे होता, खाली लोंबत होता. त्या काही बोलणार तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला पावलं वाजली.

कंत्राटदार होता. अंगावर चुन्याचे शिंतोडे, आवाज दवाखान्याला न शोभणारा.

“ताई, दादा कसे आहेत? बोलले का?”

“नाही अजून.”

“उठतील. असल्या माणसाला शिडीने पाडलं म्हणजे शिडीचीच चूक.” तो बाकावर टेकला आणि फौजदारांकडे वळला. “विचारा साहेब.”

“दुपारी कुठे होता?”

“कमानीवर. उन्हात भाजून निघालो. माझी माणसं सांगतील.”

“निरोप पाहिला?”

“पाहिला. कमानीवर उभं राहूनच. फोन उलटा धरला, आमची ती सवयच. दोरा रस्त्याच्या अंगाला, आणि कसा उभा, तर निशाणासारखा ताठ. मी माझ्या माणसांना म्हटलं, बघा रे, दादांचा दोरासुद्धा कमानीसारखा उभा राहतो.” हसता हसता तो थांबला. “पण रस्त्याकडचा धिरा माझ्या हातचा आहे. तो कच्चा असेल तर मी मिशा उतरवीन.”

“आणि नदीकडचा?”

“तोही माझाच. पण त्याला लागून धाकट्या साहेबांनी काचेचा सज्जा काढलाय. त्याला त्यांनी काचवाली माणसं वेगळी आणली. माझ्या माणसांना तिकडे फिरकू देत नाहीत. काचेवर आमचे हात उमटतात म्हणे.”

“धाकटे साहेब म्हणजे भागीदार?”

“तेच. सज्जा त्यांचा पहिलाच. इमारतीत तेवढीच एक गोष्ट त्यांची एकट्याची, म्हणून जिवापाड जपतात.”

“ते दुपारी साइटवर होते?”

“असतील. मी वर, ते खाली काचवाल्यांत. वरून खालचं काय दिसतं? टोप्या दिसतात.”

भागीदार आला तो हातात फळांची पिशवी घेऊन. नीटनेटका माणूस, बोलणं मऊ. त्याने बाईंना वाकून नमस्कार केला.

“ताई, हे काय होऊन बसलं. मी त्यांना किती वेळा म्हटलं, शिडीवर चढू नका. मला हाक मारा, मी चढतो.”

“आज हाक मारली होती?” फौजदारांनी विचारलं.

“मी तिथे नव्हतोच. जेवणानंतर साइटवर गेलो तो थेट इथेच येतोय. त्यांच्या खोलीत तर या आठवड्यात पाऊल टाकलेलं नाही.”

“निरोप मिळाला?”

“मिळाला ना. साइटवरच पाहिला.” तो खेदाने हसला. “खरं सांगू? मला वाईट वाटलं. नदीच्या बाजूला तो लाल दोरा, शेंडीसारखा वर उभा. दादांचं वय झालंय. साखळीचा हुक जरा सरकला असेल आणि त्यांना वाटलं धिराच सरकला. पण हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हटलं नसतं.”

“फोन उलटा धरून पाहिलात?”

“अर्थात. आम्ही सगळे तसंच बघतो.”

तो दादाला काचेतून पाहायला गेला. फौजदार बाईंच्या जवळ सरकले.

“दोघं म्हणतात रस्ता, हे म्हणतात नदी. दोघांविरुद्ध एक. यांचं डावं-उजवं चुकलं.”

“मला तर यांचंच बरोबर वाटतं,” बाई म्हणाल्या. “फोटोत दोरा डावीकडे आहे. डावीकडे नदी.”

“मग झालं तर. हे खरं बोलतायत.”

“हो ना.” बाई काचेपलीकडे बघत राहिल्या. वर्गात एखादं अवघड गणित सगळ्यांचं एकाच जागी चुकायचं आणि एखाद्याचंच बरोबर यायचं, तेव्हा त्यांना आनंद व्हायच्या आधी शंका यायची. ती शंका आत्ता आली होती. पण गणित कुठलं आणि चूक कुठली, तेच सापडत नव्हतं.

“आणि तो लाल दोरा?” त्या एकदम म्हणाल्या. “खोलीत साखळी होती, पिशव्या होत्या. दोरा कुठे होता?”

फौजदारांनी आठवून पाहिलं. “दोरा नव्हता.”

*

सकाळी बाई साइटवर पोचल्या तेव्हा भाच्याच्या डोक्यावर दादाचं पिवळं हेल्मेट होतं. ते त्याला मोठं होत होतं.

सभागृह प्रचंड होतं. विटांची कमान एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे झेप घेत गेली होती आणि खाली सेंट्रिंगच्या लाकडांचं रान उभं होतं. लाकडांच्या पाचरींपाशी माणसं हातोडे घेऊन थांबली होती.

“अरे, बाबांनी थांबायला सांगितलंय ना?”

“तपासलं, आत्या. उजाडताच तपासलं. रस्त्याकडच्या धिऱ्याला मी आणि कंत्राटदारांनी वरपासून खालपर्यंत ओळंबा लावला. केसभरही फरक नाही.”

“आणि नदीकडचा?”

“तो भागीदारकाकांनी पाहिला. तोही ठणठणीत.” भाच्याने आवाज उतरवला. “बाबा चुकले, आत्या. पहिल्यांदाच. आता आपण थांबलो तर गावभर होईल की यांची कमान कच्ची निघाली. ते उठतील तेव्हा त्यांना कमान उभी दिसायला हवी.”

“आणि तू हे हेल्मेट का घातलंस?”

त्याने हेल्मेट मागे सरकवलं. त्याला माहीत होतं की आत्यालाही माहीत आहे. त्यांच्या घरातला तो रिवाज होता. ज्याने कमान आखली, त्याने सेंट्रिंग निघताना कमानीखाली उभं राहायचं. दादाच्या गुरूंनी तो पाळला होता, दादाने पाळला होता. माझं गणित बरोबर आहे, हे तोंडाने नाही तर डोक्याने सांगायचं, असं दादा म्हणायचा.

“बाबांच्या जागी मी उभा राहतोय.”

बाईंनी पाचरींकडे पाहिलं, मग कमानीकडे.

भागीदार थोड्या अंतरावर उभा होता. “मीच राहिलो असतो, ताई,” तो हळूच म्हणाला, “पण मान मुलाचा.”

फौजदार दारातून आत आले. दादा तसाच आहे, एवढंच त्यांनी मानेने सांगितलं.

बाई कुठे उभं राहावं ते न सुचून पुढे गेल्या. विटा भिजवलेलं पाणी जमिनीवर साचलं होतं, पाऊल पडेल म्हणून त्या थबकल्या. नदीच्या बाजूला दोरी बांधून वाट अडवली होती आणि लोकांना दिसावं म्हणून दोरीला कोणीतरी लाल चिंधी अडकवली होती. चिंधी खाली लोंबत होती.

पाण्यातही चिंधी होती. पाण्यात ती वर उभी होती, निशाणासारखी. आणि होती नदीच्याच बाजूला.

बाई तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी मान वर करून चिंधी पाहिली, मग परत पाणी पाहिलं.

आरशात बघ. फोटो फिरवू नकोस.

“चला, पहिली पाचर,” कंत्राटदाराचा आवाज आला. भाचा लाकडांच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

“थांबा.”

बाई ओरडल्या नव्हत्या. पण तो आवाज अनेक वर्षं वर्ग गप्प करत आला होता. उचललेले हातोडे तसेच राहिले. फौजदारही ताठ झाले.

“तू आधी बाहेर ये,” त्या भाच्याला म्हणाल्या. “प्रश्न नंतर विचार.”

तो आला.

“तुझा फोन दे. बाबांचा फोटो काढ. आता मला सांग, लाल दोरा कुठे आहे?”

भाच्याने फोन घेतला आणि सहज, न बघता, हातातच उलटा फिरवला. “हा काय. उजवीकडे. रस्त्याकडे.”

“आणि दोरा कसा दिसतो?”

“वर उभा.”

“आता फिरवू नकोस. सरळ धर.”

त्याने सरळ धरला. “डावीकडे, खाली लोंबतोय.” मग तो पुटपुटला, “मी फिरवला. बाबा रोज सांगायचे आणि मी फिरवला.”

“सगळ्यांनी फिरवला. हा तुमच्या धंद्याचा हात आहे, साखळीचा फोटो दिसला की आपोआप वळतो. फोटो फिरवला की वरचं खाली होतं, पण त्याबरोबर डावंही उजवीकडे जातं. म्हणून तुम्ही दोघांनी रस्ता म्हटलं. चुकलात, पण प्रामाणिकपणे चुकलात.”

“म्हणजे कच्चा धिरा नदीकडचा?” कंत्राटदाराने विचारलं. “पण तो तर साहेबांनी...”

“त्यांच्याकडेच येते.” बाई वळल्या. त्यांचा स्वर मऊच होता. “काल तुम्ही सांगितलंत की दोरा नदीच्या बाजूला होता. बरोबर?”

“बरोबरच होतं की, ताई,” भागीदार म्हणाला. “आत्ता तुम्हीच सिद्ध केलंत.”

“आणि तो वर उभा होता, शेंडीसारखा.”

“असेल. आठवत नाही नेमकं.”

“मला आठवतंय,” फौजदार म्हणाले. “हाच शब्द.”

“फोटो सरळ धरला,” बाई म्हणाल्या, “तर दोरा नदीकडे, पण खाली लोंबणारा. फोटो फिरवला तर दोरा वर उभा, पण रस्त्याकडे. नदीकडे आणि वर उभा, हे दोन्ही एकदम फोटोत दिसूच शकत नाही. कसाही धरा.”

फौजदारांनी भाच्याच्या हातातला फोन घेतला आणि सरळ-उलटा करून पाहिला. ओठ हलत होते. भूमितीचा पेपर असल्यासारखे त्यांनी दोनदा ताडून बघितलं.

“मग कुठे दिसतं ते?”

“इकडे ये. या पाण्यात बघ.”

ते वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. चिंधी पाण्यात उभी होती, नदीच्या बाजूला.

“आरशात,” ते म्हणाले. “जमिनीवरच्या आरशात.”

“वरखाली बदलतं आणि डावंउजवं तसंच राहतं, ते फक्त तिथे. म्हणूनच दादा लोकांना आरशात बघायला सांगायचा. या गृहस्थांनी लाल दोरा फोटोत पाहिला नाही. दादाच्या खोलीत, साखळीखाली ठेवलेल्या आरशात पाहिला. आणि दोरा तर कालच, निरोपासाठी बांधला. हे म्हणाले, या आठवड्यात त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही.”

लाकडांवरून कुठेतरी वाळू घरंगळली.

“दादाचे गुडघे असे, त्याला आरसा हलवता येत नव्हता,” बाई पुढे म्हणाल्या. “कोणीतरी लावून दिला. फोटो आधी पाठवून झाला होता, ते या आलेल्या माणसाला माहीत नव्हतं. दादाने त्याला आरशात दाखवलं, हा तुझा धिरा. मग जे व्हायचं ते झालं. नंतर या माणसाने आरसा परत भिंतीला लावला, कारण खाली राहता तर कोणीतरी विचारलं असतं की तो लावला कोणी. मग हुकांवरून साखळी अलगद काढली, लाल दोरा सोडून खिशात घातला आणि साखळी दादाजवळ टाकली. साखळी खरंच तुटून पडली असती तर आरसा फुटला असता आणि हुक वाकले असते. सगळं जास्तच नीट राहिलं. नीटनेटक्या माणसाची हीच चूक होते.”

“आणि फोटो?” भाच्याने विचारलं. “तो तर काकांनाही आला होता.”

“आला. पण त्यांनी नीट पाहिला नाही. डोळ्यांनी खरी गोष्ट बघितलेला माणूस तिचा फोटो कशाला बघेल? त्यांना वाटलं, मी पाहिलं तेच सगळ्यांना फोटोत दिसलं असणार, तर लपवण्यात अर्थ नाही. हुक सरकला म्हणावं आणि विषय सोडून द्यावा. तुम्ही दोघं रस्त्याकडे धावलात, हे त्यांचं नशीब. नदीकडचं मी बघतो, असं सकाळी कोण म्हणालं?”

“काकाच,” भाचा म्हणाला.

भागीदाराने घसा साफ केला. “ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पण पाण्यात चिंधी दिसली म्हणून कोणी गुन्हेगार होत नाही. धिरा भक्कम आहे.”

“भक्कम आहे?”

“आहे.”

“मग हेल्मेट घाला.” बाईंनी भाच्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि पुढे धरलं. “दादाच्या जागी तुम्ही उभे राहा. पाचरी काढू देत.”

हेल्मेट दोघांच्या मध्ये तसंच राहिलं. कंत्राटदाराने हातोडा उचलला आणि वाट बघू लागला. भागीदाराने कमानीकडे पाहिलं, मग नदीच्या बाजूला, जिथे काचा सकाळच्या उन्हात चमकत होत्या. त्याचा हात उठला नाही. तो मागे सरकला आणि विटांच्या ढिगावर बसला.

“पहार आणा रे,” कंत्राटदार म्हणाला. त्याच्या आवाजात आता मस्करी नव्हती.

सज्ज्यामागच्या लाकडी फळ्या निघाल्या तेव्हा आतला धिरा दिसला. बाहेरून जाडजूड, आतून कोरून काढलेला. काचेची लोखंडी चौकट बसावी म्हणून त्याच्या पोटातल्या विटा काढल्या होत्या आणि वर गिलावा फिरवला होता. कंत्राटदाराने ओळंबा सोडला. दोरी भिंतीपासून हटून लोंबू लागली. लाकडं जागेवर असतानाच भिंत बाहेर झुकली होती.

“दादा काल सकाळी इथे ओळंबा घेऊन आले असणार,” तो म्हणाला. “आम्ही वर होतो. आम्हाला टोप्याच दिसतात.”

“मला वाटलं तग धरेल,” भागीदार जमिनीकडे बघत बोलू लागला. “मी हिशोब केला होता, संगणकावर. तग धरेल असंच आलं होतं. चौकट आत गेली नसती तर सज्जा बुटका दिसला असता. लोक वर कमान बघतात, ती त्यांची. मला एक गोष्ट हवी होती, माझी. ते म्हणाले, उद्या सगळ्यांसमोर सांगणार. शिडीवरून त्यांनी माझा दंड धरला. मी झटकला. ढकललं नाही मी, झटकला फक्त. ते आरशाच्या अलीकडे जमिनीवर पडले.”

“आणि खाली पडल्यावर?” बाईंनी विचारलं. “तो श्वास घेत होता. तुम्ही आरसा उचललात, साखळी काढलीत, दोऱ्याची गाठ सोडलीत. गाठ सोडायला वेळ लागतो. तेवढ्यात एक फोन झाला असता.”

तो विटेवरचा चुना नखाने खरवडत राहिला.

“आणि आज या मुलाला खाली उभं राहू देत होतात.”

फौजदारांनी त्याला उठवलं. दाराशी जाऊन ते थोडे मागे आले.

“बाई, तो सातवा मार्क दयेचा नव्हता, असं आता म्हणाल का?”

“आज पाण्यात बघितलंस ना, त्याचा देते,” बाई म्हणाल्या. मग भाच्याला धरून त्या तिथेच खाली बसल्या.

*

दादा शुद्धीवर आला तेव्हा त्याचं निम्मं अंग त्याचं ऐकत नव्हतं. शब्द यायचे, पण वाट चुकून यायचे. बाई रोज उशाशी बसून त्याला सगळं सांगत. नदीकडचा धिरा पायापासून पुन्हा बांधला. काचेचा सज्जा उतरवला. भाच्याने नवी साखळी टांगली, वजनं बांधली, आणि फोन खिशात ठेवून आरशात बघितलं.

“दोनदा बघितलं,” भाचा म्हणाला.

दादाच्या तोंडाची एक बाजू हसली. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. बोटं चादरीवर फिरू लागली.

“कोण,” तो म्हणाला. “खाली. कोण.”

“मी राहतो, बाबा.”

दादाने मान हलवली, नाही. परत हलवली. त्याचे डोळे पाण्याने भरले.

“हा पाचरींकडे लक्ष देईल,” बाई म्हणाल्या. “कुठली आधी, कुठली नंतर, ते त्यालाच कळतं. खाली मी उभी राहीन. साखळीचं गणित मीही तपासलंय, तेव्हा माझा हक्क आहे.”

“आत्या, अगं...”

“तू गप्प बैस.” त्यांनी दादाचा चांगला हात हातात घेतला. “शब्द देते.”

दादाची बोटं थांबली. थोड्या वेळाने त्याने त्यांचा हात दाबला.

ठरलेल्या दिवशी बाई लवकर उठल्या. अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ डोळे मिटून बसल्या. त्यांनी काही मागितलं नाही. धिऱ्याची लांबी, रुंदी, कमानीचा रेटा मनात पुन्हा मांडून पाहिला. उत्तर तेच आलं.

मग त्यांनी खुंटीवरचं पिवळं हेल्मेट काढलं आणि पदराने पुसलं. शेजारीण दारात फुलांना पाणी घालत होती. तिने विचारलं, एवढ्या सकाळी कुठे.

“जरा वाचनालयात जाऊन येते,” बाई म्हणाल्या, आणि हेल्मेट काखेत धरून जिना उतरू लागल्या.